फिरत्या घराचा पत्ता

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगाहेला राष्ट्रीय अरण्यात, भाड्याच्या मोटरहोममध्ये आम्ही दोघं झोपायच्या तयारीत होतो. रात्रीचे पावणेअकरा वाजले असतील. दारावर टकटक झाली. उघडून बघते तर शेरिफच्या कचेरीतला एक तरुण अधिकारी, हातात टॉर्च. त्याने माझं आडनाव तीन तुकड्यांत वाचलं, मी मान डोलावली, आणि तो म्हणाला, "तुमची आई काळजीत आहे. तिला फोन करा."

फोन करणार कसा? तिथून जवळच ग्रीन बँक नावाच्या गावात १०० मीटर व्यासाची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या कानात माणसांचा गोंगाट जाऊ नये म्हणून १९५८ पासून भोवतालचा सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरचा टापू 'राष्ट्रीय रेडिओ शांतता क्षेत्र' म्हणून राखलेला आहे. महाराष्ट्राचा साधारण नववा हिस्सा म्हणा. सगळ्या टापूत मोबाइल बंद असतो असं नाही, पण दुर्बिणीच्या आसपासच्या डोंगरदऱ्यांत तो जवळजवळ नसतोच. आम्ही तिथे शुक्रवारी दुपारी शिरलो होतो. मला हे सगळं ठाऊक होतं. आईला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

तिकडे फलटणला तिच्या फोनवर तिने पाठवलेल्या प्रत्येक निरोपापुढे एकच करडी खूण दिसत होती. शनिवारचा दिवस तिने कसाबसा काढला. रात्री दोन वाजता पुण्यात माझ्या धाकट्या बहिणीला उठवलं. बहिणीने न्यू जर्सीतल्या माझ्या मैत्रिणीला गाठलं. मैत्रिणीला कॅम्पग्राउंडचं नाव ठाऊक होतं, तिने काउंटीच्या शेरिफला फोन केला. आता तो अधिकारी आपल्या गाडीतल्या रेडिओवरून नियंत्रण कक्षाला सांगत होता की दोघंही ठीक आहेत. कक्षातून फोन मैत्रिणीला, मैत्रिणीकडून बहिणीला, बहिणीकडून आईला. फलटणला तो निरोप पोचला तेव्हा रविवारची सकाळ उजाडून गेली होती आणि आईने रात्रभर डोळ्याला डोळा लावलेला नव्हता.

वाचकहो, माझं पोटापाण्याचं कामच संपर्कसाधनांच्या इतिहासाचं आहे. या विषयात पीएच.डी. करून पोस्टडॉक म्हणून पोट भरते आणि स्वतःच्या आईला दोन दिवसांचा निरोप द्यायला विसरते, याची लाज वाटली हे आधी कबूल करते. पण लाजेबरोबर एक प्रश्नही डोक्यात बसला. अमेरिकेत माणसं चाकांवरच्या घरातून हिंडू लागली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. त्यातली बहुतेक वर्षं मोबाइल नव्हता. मग त्या लोकांच्या आया रोज रात्री शेरिफला उठवत होत्या का? नसतील, तर त्या झोपत कशाच्या भरवशावर होत्या?

पहिला फोन फक्त चालकापर्यंत

१९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने 'टूरिंग लँडो' नावाची गाडी मांडली. कारखान्यात बनलेल्या पहिल्या मोटरहोमांपैकी एक म्हणून तिचं नाव घेतात. मागची बैठक उलगडली की पलंग व्हायचा, चालकाच्या पाठीमागून हात धुवायचं भांडं खाली यायचं, आणि गाडीत चक्क टेलिफोन होता. पण तो फोन मागे बसलेल्या मालकाकडून पुढे बसलेल्या चालकापर्यंतच जायचा. बाहेरच्या जगाशी बोलायची सोय नव्हती आणि असावी असं कुणाला वाटलंही नसावं.

श्रीमंतांची ही चैन लवकरच मध्यमवर्गात उतरली. फोर्डची स्वस्त मोटार घ्यायची, तिच्या बाजूला तंबू बांधायचा, डबाबंद अन्न खायचं आणि थंडीत फ्लोरिडा गाठायचं. अशा लोकांनी १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे आपली संघटनाच काढली. नाव 'टिन कॅन टुरिस्ट्स'. महिनोन्महिने ही मंडळी घराबाहेर असत. त्यांचा घराशी धागा होता तो टपालाचा, आणि त्या टपालाची युक्ती समजून घेण्यासारखी आहे.

पत्रावर माणसाचं नाव, त्याखाली 'जनरल डिलिव्हरी', त्याखाली गावाचं नाव. बस. ते पत्र त्या गावच्या टपाल कचेरीत पडून राहायचं. प्रवासी येऊन, ओळख पटवून घेऊन जायचा. युरोपात आणि आपल्याकडे हीच सोय 'पोस्ट रेस्तांत' या फ्रेंच नावाने चालते. अमेरिकेत ती आजही जिवंत आहे. झिप कोडनंतर ९९९९ हे चार आकडे लिहिले की टपाल खात्याला कळतं, हे पत्र दारात टाकायचं नाही, ठेवून घ्यायचं. साधारण महिनाभर ते वाट बघतं आणि मग परत जातं.

आता या व्यवस्थेत घरच्यांना काय माहीत असावं लागे, ते बघा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लेक कुठल्या गावातून जाणार आहे, हे आईला जुलैत ठाऊक हवं. म्हणजे निघण्यापूर्वी प्रवासाची यादी घरी द्यावी लागे: अमुक तारखेच्या सुमारास अमुक गाव. गाडी बिघडली, बेत बदलला, तर पत्र चुकायचं. पण पत्र चुकलं म्हणून कुणी धास्तावत नसे, कारण ते कधीकधी चुकतं हेही त्या व्यवस्थेत धरलेलंच होतं.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. ती आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला जायची. तीन आठवडे तिच्याकडे ना फोन, ना पत्ता. तरी ती 'हरवली' असं घरात कधी कुणाला वाटलं नाही. कारण पालखी कुठल्या दिवशी सासवडला, कुठल्या दिवशी जेजुरीला, कधी लोणंद, कधी तरडगाव, हे सगळ्यांना पाठ होतं. फलटणला पालखी आली की आजी एका रात्रीपुरती स्वतःच्याच घरी पाहुणी यायची आणि सकाळी पुन्हा वाटेला लागायची. एका वर्षी आजोबांना झटका आला. तारीख बघून काका एसटीने माळशिरसला गेला, दिंडीचा क्रमांक विचारत विचारत तंबू गाठला आणि रात्रीतून आजीला घेऊन आला. हलणाऱ्या माणसाचा पत्ता म्हणजे तारीख आणि मुक्काम, हे टँपाच्या डबेवाल्या प्रवाशांना जसं कळलं होतं, तसं फलटणच्या माझ्या काकालाही कळलेलं होतं.

आठवड्यातून तीनदा

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला सुरुवात झाली. १९६२ मध्ये मोंटानातल्या बिलिंग्ज गावी के.ओ.ए. या कॅम्पग्राउंडांच्या साखळीचा उगम झाला. १९६६ मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत विनेबागो कंपनीने मोटरहोम बनवायला घेतल्या आणि त्यांची किंमत बेताची ठेवली. रस्ता, मुक्काम आणि घर, तिन्ही आवाक्यात आलं. आणि रस्त्याच्या कडेला, पेट्रोल पंपावर, दुकानाच्या भिंतीवर सार्वजनिक फोन आला.

१९६० साली लेखक जॉन स्टाइनबेक ट्रकवर बांधलेल्या छोट्या घरातून, चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन अमेरिका फिरला. त्यावरच्या पुस्तकात तो लिहितो की आठवड्यातून तीनदा तो न्यूयॉर्कला घरी फोन करी, कधी बारमधून, कधी दुकानातून, कधी टायरांनी भरलेल्या पंपावरून. तीन-चार मिनिटांचं बोलणं. पुस्तकातल्या अनेक तपशिलांच्या खरेपणावर नंतर प्रश्न उठले, पण फोनची ही लय त्या काळाची खरी लय आहे. रोज नाही. आठवड्यातून ठरावीक वेळा. मधल्या दिवसांत तो कुठे आहे हे बायकोला माहीत नसे आणि त्यात वावगं काही नव्हतं.

लांबचा फोन महाग होता, म्हणून लोक रात्री दर उतरायची वाट बघत. 'एसटीडी'च्या पिवळ्या पाटीखाली रात्री रांगेत उभे राहिलेल्या आपल्या पिढ्यांना हे वेगळं सांगायला नको. आणखी एक युक्ती तर थेट आपल्या ओळखीची आहे. अमेरिकेत 'ठरावीक व्यक्तीलाच जोडून द्या' असा फोन लावता येई आणि ती व्यक्ती नसली तर पैसे पडत नसत. मग प्रवासी ऑपरेटरला एखादं खोटं नाव सांगत. घरचे म्हणत, "ते इथे नाहीत," आणि फोन ठेवत. कुठलं नाव विचारलं यावरून घरच्यांना कळायचं, मंडळी सुखरूप पोचली. फुकटात निरोप! आपल्याकडे ट्रंककॉलच्या काळात 'पीपी' फोन होता तो याच जातीचा, आणि पुढे मोबाइल आल्यावर आपण 'मिस कॉल'ची जी कला विकसित केली, तीही याच कुळातली. या युक्त्या चालायच्या कारण दोन्ही टोकांना अर्थ आधी ठरलेला असायचा.

"निळ्या गाडीतले श्रीयुत अमुक…"

इथे तुम्ही विचाराल, आणि घरात खरोखरच काही झालं तर? ठरलेल्या फोनला दोन दिवस आहेत आणि वडील रुग्णालयात आहेत, तर?

त्यालाही उत्तर शोधलेलं होतं. ब्रिटनमध्ये बी.बी.सी.ने १९२३ पासूनच रेडिओवर 'एस.ओ.एस.' निरोप द्यायला सुरुवात केली. बातम्यांच्या आधी निवेदक सांगे की अमुक नावाचे गृहस्थ, जे सध्या अमुक भागात कॅरॅव्हॅनने फिरत असावेत, त्यांनी अमुक रुग्णालयाशी संपर्क साधावा, त्यांच्या आई अत्यवस्थ आहेत. जर्मनीत ए.डी.ए.सी. ही मोटारवाल्यांची संघटना 'राइझेरूफ', म्हणजे प्रवाशाला हाक, चालवत असे. त्यात नावाबरोबर गाडीचा प्रकार, रंग आणि क्रमांकही सांगत. त्यामुळे मालकाने स्वतः ऐकलं नाही तरी शेजारच्या तंबूतला कुणी ऐकून दार ठोठावी. डच लोक तर तंबू आणि कॅरॅव्हॅनसाठी प्रसिद्धच. सुट्टीत फ्रान्स-स्पेनला जाताना ते शॉर्टवेव्ह रेडिओ बरोबर नेत, आणि रेडिओ नेदरलँड्सच्या डच कार्यक्रमांतून अशी आवाहनं ऐकू येत. ते डच प्रसारण मे २०१२ मध्ये थांबलं.

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांमध्ये हे काम रेंजर करत. तातडीचा निरोप आला की फलकावर नाव लागे, किंवा रेंजर गाड्यांचे क्रमांक वाचत मुक्कामाच्या जागा पालथ्या घाली. माझ्या दारावर आलेला अधिकारी याच परंपरेतला होता हे मला नंतर उमगलं.

आपल्यातल्या जरा मोठ्यांना मुंबई दूरदर्शनवरचं 'आपण यांना पाहिलंत का?' आठवत असेल. ते हरवलेल्यांसाठी होतं. रेडिओवरच्या या हाका हरवलेल्यांसाठी नव्हत्या, फिरायला गेलेल्या सुखवस्तू माणसांसाठी होत्या. त्यांचा एकच नियम कडक होता. दुसरा कुठलाच मार्ग उरला नसेल आणि जवळचं माणूस गंभीर असेल, तरच हाक. मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. वाईट बातमीसाठी स्वतंत्र वाट होती. म्हणून एरवीच्या शांततेचा अर्थ 'काही झालेलं नाही' असा धरता येत होता.

फोनच्या कानाला कान

आता संगणकाकडे येऊ. रस्त्यावरून 'ऑनलाइन' जायची सुरुवात इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिच्या मुळाशी टेक्सासमधल्या टॉम कार्टर नावाच्या माणसाचं भांडण आहे. त्याने 'कार्टरफोन' नावाचं यंत्र बनवलं होतं. फोनचा रिसीव्हर त्यावर ठेवला की रानावनात रेडिओवर बोलणाऱ्याचा आवाज टेलिफोनच्या तारेत जाई आणि उलटही. माझा निरोप त्या रात्री जसा रेडिओवरून फोनवर गेला, तसाच, फक्त मधल्या माणसाने तो पुन्हा न बोलता. आमच्या जाळ्याला परकं यंत्र लावायचं नाही, असं टेलिफोन कंपनीचं म्हणणं. १९६८ मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने कार्टरच्या बाजूने निकाल दिला. मग सामान्य माणसाला स्वतःचं यंत्र फोनला जोडायचा मार्ग मोकळा होत गेला. मोडेमचं युग त्या निकालाचं देणं लागतं.

१९८३ मध्ये रेडिओ शॅक या दुकानसाखळीने 'टी.आर.एस.-८० मॉडेल १००' विकायला आणला. वहीएवढा संगणक, साध्या चार पेन्सिल सेलवर चालणारा, पडद्यावर आठ ओळी, आणि आत सेकंदाला ३०० बिटांचं मोडेम. ३०० बिट म्हणजे सेकंदाला जेमतेम तीसेक अक्षरं, वाचणाऱ्याच्या डोळ्याच्या बेताचा वेग. सार्वजनिक फोनला तार जोडता येत नसे, म्हणून दोन रबरी वाट्या फोनच्या दोन टोकांवर बसवायच्या. संगणक शिट्टी वाजवी, फोन ती ऐके.

त्याच वर्षी स्टीव्हन रॉबर्ट्स नावाचा ओहायोचा तरुण हा संगणक घेऊन निघाला. मोटरहोमने नाही, रेलून बसायच्या सायकलवरून. पण त्याने सायकलला नाव दिलं 'विनेबायको', विनेबागोची गंमत करून. दीड वर्षात त्याने सुमारे १६,००० किलोमीटर अंतर कापलं, आणि वाटेतल्या सार्वजनिक फोनवरून कॉम्प्युसर्व्ह या सेवेमार्फत लेख पाठवले, पत्रव्यवहार केला, पोटापाण्याचं काम चालवलं. 'कुठूनही काम' हे शब्द आज आपण महासाथीनंतर वापरतो. त्याने ते चाळीस वर्षांपूर्वी पायडल मारत केलं.

१९९० च्या दशकात मोटरहोमवाले निवृत्त लोक या वाटेने आले, आणि त्यांच्यामुळे कॅम्पग्राउंडांत एक नवी गोष्ट दिसू लागली: कचेरीत किंवा कपडे धुण्याच्या खोलीत एक टेबल, भिंतीत फोनची खोबण आणि 'कृपया थोडा वेळच वापरा' अशा अर्थाची पाटी. आजी-आजोबा लॅपटॉप काखोटीला मारून रांगेत उभे. प्रत्येक शहराचा डायल करायचा क्रमांक वेगळा, म्हणून त्यांची यादी जवळ ठेवायची. ई-मेल खाली उतरवायचे, टेबल सोडायचं, आपल्या गाडीत बसून वाचायचे, उत्तरं लिहायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत. ज्यांना लॅपटॉप नको होता त्यांच्यासाठी 'पॉकेटमेल' होतं. हातात मावणारं यंत्र, त्याच्या पाठीवरचा भोंगा फोनच्या रिसीव्हरला टेकवायचा, आणि किरकिर आवाज काढत पत्रं येत-जात. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. टपाल कचेरीच्या खिडकीची सवय अजून मोडलेली नव्हती.

माणूस फिरतो, कागद थांबतात

या सगळ्यात एक प्रश्न तंत्रज्ञानाने सुटत नव्हता. घर विकून कायमचं मोटरहोममध्ये राहणाऱ्याला बँक विचारते, पत्ता काय? वाहन परवाना, विमा, मतदान, सगळीकडे पत्ता.

१९७८ मध्ये जो आणि के पीटरसन या दांपत्याने 'एस्केपीज' नावाचा क्लब काढला. टेक्सासच्या लिव्हिंग्स्टन गावात त्यांची टपाल सेवा आहे. हजारो लोकांचं टपाल तिथे येतं. सभासद कळवतो, पुढच्या आठवड्यात मी ॲरिझोनात अमुक गावी आहे, आणि त्याचा गठ्ठा तिकडच्या जनरल डिलिव्हरीला रवाना होतो. इतकं टपाल की त्या सेवेला स्वतंत्र झिप कोड आहे. साउथ डकोटा राज्याने तर कायमच्या प्रवाशांसाठी दार बरंच उघडं ठेवलं. टपालाचा पत्ता आणि राज्यात एक रात्र राहिल्याची पावती यावर परवाना मिळायची सोय झाली.

इथे आपल्यासारख्यांची गोष्ट वेगळी होते. अमेरिकेत नागरिक नसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला घर बदललं की दहा दिवसांत सरकारला कळवावं लागतं. फॉर्म एआर-११, तुमच्यापैकी कित्येकांनी भरला असेल. एच-१बी असेल तर कामाची जागाही कागदावर बांधलेली. सुट्टीतला प्रवास यात येत नाही, पण 'घर विकलं, आता रस्ता हेच घर' असं म्हणायची मोकळीक पासपोर्टावर अवलंबून असते. मोटरहोमच्या गौरवकथांत हे सहसा लिहिलेलं सापडत नाही. कॅम्पग्राउंडांत आपली माणसं पूर्वी कमी दिसायची त्याला पैसा आणि सुट्ट्या ही कारणं होतीच, पण ज्याचा पत्ता सरकारदरबारी तपासला जातो तो माणूस जरा जपूनच पत्ता सोडतो.

आकाशातून

यापुढचा इतिहास तुम्ही स्वतः जगलेला आहात, म्हणून भराभर सांगते. १९८३ मध्ये शिकागोत मोबाइल सेवा सुरू झाली. पिशवीएवढे फोन मोटरहोमांत आले, पण आपला प्रदेश सोडला की 'रोमिंग'चे दर अंगावर येत. २००० नंतर कॅम्पग्राउंडांत वाय-फाय आलं आणि संध्याकाळी सगळ्यांनी एकदम उघडल्यावर ते गोगलगाय कसं होतं याचा अनुभव प्रत्येकाला आहे.

त्याच सुमारास काहींनी छतावर उपग्रहाच्या ताटल्या बसवल्या. मुक्कामाला थांबलं की मोटर घुर्र करून ताटली उभी राही आणि स्वतःच उपग्रह शोधे. ते उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. अमेरिकेतून दक्षिणेचं आकाश मोकळं हवं, म्हणून झाडाच्या सावलीत गाडी लावायची की ई-मेल बघायचे, यातलं एक निवडावं लागे. आवाज वर जाऊन खाली आणि उत्तर तसंच परत येईतो अर्धा सेकंद जायचा, त्यामुळे बोलताना दोघं एकमेकांच्या अंगावर आदळत. मे २०२२ मध्ये स्टारलिंकने मोटरहोमांसाठी वेगळी योजना आणली. तिचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणून तो अर्धा सेकंद गेला. भर वाळवंटातून फलटणला व्हिडिओ कॉल लागतो. झाड आडवं आलं तर अजूनही तुटतो, पण लागतो.

म्हणजे १९१० मध्ये चालकापर्यंत जाणारा फोन आता पृथ्वीवर जवळजवळ कुठेही जातो. आणि नेमक्या याच काळात माझी आई रात्रभर जागी राहिली.

मग त्या झोपत कशाच्या भरवशावर होत्या?

पूर्वीच्या आया आजच्या आयांपेक्षा धीट होत्या असं मला वाटत नाही. त्यांच्यापाशी दोन गोष्टी होत्या. एक, पुढची बातमी कधी येणार हे ठाऊक होतं: शनिवारी रात्री फोन, नाहीतर अमुक गावाहून पत्र. दोन, काही वाईट झालंच तर ते कुठल्या वाटेने कळेल हेही ठाऊक होतं. या दोन्ही गोष्टी कुठल्या यंत्राने दिलेल्या नव्हत्या. निघण्यापूर्वी स्वयंपाकघरात बसून दोघांनी ठरवलेल्या होत्या. यंत्रं कमकुवत होती म्हणून ठरवावंच लागायचं.

यंत्रं तगडी झाली तसं ठरवायचं कारण उरलं नाही. "लागला की करते," इतकंच आपण म्हणतो. मग ज्या क्षणी लागत नाही त्या क्षणी समोरच्या माणसाकडे धरायला काहीच नसतं. करडी खूण दोन मिनिटं राहिली की दोन दिवस, तिचा अर्थ एकच दिसतो. आपल्यासारख्या, आईवडिलांपासून साडेनऊ-साडेअकरा तास दूर राहणाऱ्यांना हे जास्त लागू होतं. त्यांची रात्र आपल्या दुपारच्या विसराळूपणावर चालते.

जुने दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही. आजोबांच्या वेळी काकाला एसटीचा एक अख्खा दिवस लागला होता, आणि रेडिओवरची हाक ऐकून निघालेले कितीजण वेळेत पोचले नसतील. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत मी इथून रोज त्यांचा चेहरा बघू शकले, ते कुठल्याही पत्राने झालं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की साधनं बदलताना आपण ठरवणंही अडगळीत टाकलं, आणि त्याची गरज संपलेली नव्हती.

या एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा मोटरहोम घेतली, या वेळी युटामध्ये. ताटलीही भाड्याने मिळत होती. बराच विचार करून घेतली नाही. त्याऐवजी निघायच्या आठ दिवस आधी आईला फोनवर तारखा सांगितल्या: गुरुवारी रात्री अमुक गाव, शुक्रवार-शनिवार डोंगरात, फोन नाही, रविवारी तुझ्या रात्री साडेआठला मी करीन. कॅम्पग्राउंडचं नाव आणि तिथल्या रेंजर कचेरीचा क्रमांक बहिणीकडे. "आणि अगदीच काही झालं तर तिकडे सांगा, ते येऊन दार वाजवतील." आईने 'कालनिर्णय'च्या त्या दोन चौकोनांत पेनाने लिहून ठेवलं: 'गप्प'. बहिणीने मला त्याचा फोटो पाठवला.

रविवारी सकाळी आम्ही खिंड उतरून गावात आलो, फोनवर दोन दांड्या दिसल्या. माझ्या घड्याळात नऊला पाच मिनिटं कमी होती. मी लावायच्या आत तिचाच आला.